पट्टीवरचं लिंबी बटण

४ मार्च

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. एवढ्या मोठ्या गिरणीत रंगाच्या प्रयोगशाळेची प्रमुख, म्हणजे काय खायचं काम आहे का! तुझ्या वहिनीने ते पत्र शेजारच्या शिंपीणबाईंना दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना त्या मधेच उठून गेल्या, पण ते दूध उतू जात होतं म्हणून, असं वहिनीचं ठाम मत आहे. पुढच्या एक तारखेला रुजू व्हायचंय ना? जाताना नवे बूट घालू नकोस, पहिल्याच दिवशी लंगडत फिरशील. बाकी तुला मी काय शिकवणार.

आम्ही ठीक. म्हणजे दमलोय, पण ठीक. वहिनीचा गुडघा तिच्यासारखाच आहे, मनात आलं की बोलतो नाहीतर गप्प. कारखान्यात मदतीला लंबू आहे, रंगाच्या दोन्ही टाक्या चालू आहेत, बॉयलर अधूनमधून रुसतो. नवीन काही नाही.

पत्रास कारण तुझी पट्टी.

आपला जुना कॉम्प्युटर अखेर गेला. आधी त्याला घरघर लागली, मग एक दिवस नुसताच काळा पडदा. कॉम्प्युटरवाला आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "काका, याला आता मोकळं करा." नवा आणला. त्यात स्प्रेडशीटचा प्रोग्रामही नवा. मी म्हटलं, अरे बाबा, जुनाच घाल की, माझा हात बसलाय त्यावर. तर म्हणे तो आता मिळत नाही. मिळत नाही म्हटलं की विषय संपला, नाही का?

तर त्या नव्या प्रोग्रामात तुझी पट्टी गायब! तू इथून जाण्याआधी रात्रंदिवस खपून बनवलेला टूलबार, सगळा साफ. वर कपाळभर चित्रं मांडून ठेवलीत, कात्री काय, रंगाचा डबा काय, आणि त्यातलं एकही माझ्या उपयोगाचं नाही. दोन दिवस मी नुसता शोधत बसलो. शेवटी कॉम्प्युटरवाल्याला "ॲड-इन्स" नावाच्या कोपऱ्यात ती सापडली. घरातली जुनी खुर्ची माळ्यावर टाकावी तशी टाकून दिली होती.

बरं, सापडली तर सापडली, चालेल तर शपथ. आठवतं ना, मी तुला म्हटलं होतं, मला बटणांवर अक्षरं नकोत, रंग घाल, मी रंग बघणारा माणूस आहे. मग तू प्रत्येक बटणावर त्या त्या छटेचा चौकोन रंगवलास. गुलबक्षी दाबलं की गुलबक्षीची रेसिपी, कापडाचं वजन टाकलं की किती रंग, किती मीठ, किती सोडा, सगळं आपोआप. कागद छापायचा, लंबूच्या हातात द्यायचा, की झालं. आता कुठलंही बटण दाबलं की ते चालू फाईल सोडून तू गेलीस तेव्हाची जुनी फाईल उघडतं. म्हणजे मधल्या वर्षांत मी केलेल्या दुरुस्त्या सगळ्या पाण्यात.

त्याचा परिणाम ऐक. आपला पडदेवाला, त्याने मोरपंखी रंगाचा लॉट दिला होता. निघाला हिरवा. त्याने कापड टेबलावर पसरलं, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "साहेब, हा मोर आजारी आहे." लंबू फिस्सकन हसला. मला हसू आलं नाही. आपल्या कारखान्यातून रंग चुकून कापड परत आलं, असं बाबांच्या वेळी कधी झालं नव्हतं.

शिवाय बटणांचे रंगही त्या नव्या प्रोग्रामाने नासवलेत. निळं आणि हिरवं मला सारखंच दिसतंय, आणि लिंबी तर पार उडालंय, पांढरट झालंय. तेही कसं सुधारायचं ते सांग.

फोन करू नकोस, फोनवर मला या गोष्टी कळत नाहीत. आणि तू फोनवर पट्टी सोडून दुसरंच विचारत बसतेस. पायरीपायरीने लिहून पाठव, जरा मोठ्या अक्षरात. वहिनीने मला बळंच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. काही नाही, चष्म्याचा नंबर वाढलाय, एवढंच.

आपला थकलेला,
दादा


१३ मार्च

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद. तुझं पत्र आलं, चित्रं काढून काढून समजावलंयस, हसू आलं. तू शाळेत होतीस तेव्हा मी तुझी वही तपासायचो, आता तू माझी तपास.

काम झालं. कॉम्प्युटरवाल्याला शेजारी बसवून तू सांगितलंस तसं एकेक बटण धरून त्याला नव्या फाईलमधली त्याची त्याची रेसिपी पुन्हा जोडून दिली. ती सुरक्षेची पिवळी सूचना येत होती, तीही तू म्हणालीस तशी मान्य करून टाकली. जुनी फाईल दुसरीकडे हलवली. आता बटण दाबलं की चालू फाईल उघडते. तुझी पट्टी जिवंत आहे. एवढ्यावर मी खूश व्हायला हवं होतं.

आता तुझ्या प्रश्नांबद्दल. तू लिहिलंयस की कॉम्प्युटरवाल्याकरवी मी पाठवलेली फाईल तुझ्याकडे उघडून पाहिलीस आणि बटणांचे रंग जसेच्या तसे आहेत, लिंबी लिंबी आहे. असेल. तुझा पडदा चांगला असेल. आमचा स्वस्तातला आहे. कॉम्प्युटरवाला पण तुझीच री ओढत होता. "काका, हे पिवळंधमक आहे, डोळ्यांत खुपतंय!" म्हणाला. तो पोरगा पायात एक मोजा काळा आणि एक तपकिरी घालून येतो, त्याने मला रंग शिकवावा?

आणि दुसरा प्रश्न. तुझा तो प्रश्न वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि चहा मागितला. तू लिहिलंयस, "दादा, बटण चुकलं, रेसिपी जुनी आली, सगळं मान्य. पण लॉट बाहेर जाण्याआधी तू खिडकीत नमुना धरून बघतोसच ना? मग तो बाहेर गेला कसा?"

त्या दिवशी आभाळ होतं, भिंगरी. आभाळ असलं की रंग फसवतो, तुलाही माहितीये.

पडदेवाला भला माणूस. त्याने पुन्हा काम दिलंय, एका सभागृहाचा मोठा पडदा आहे, परत मोरपंखीच. या वेळी मी बटण दाबताना तीनदा बघणार आहे.

रुजू होण्याआधी आठवडाभर इकडे येऊन जाते म्हणालीस. काहीएक गरज नाही. तिकडे घर लावायचं, सामान हलवायचं, तुला कामं थोडी आहेत का? इथे येऊन काय बघणार, माझं तोंड? ते होतं तसंच आहे. वहिनी म्हणते येऊ दे की तिला, मी म्हटलं उगाच नाही त्या भानगडी नकोत.

खांद्याचं विचारलंस. तुला कोणी सांगितलं? वहिनीनेच. दाराच्या चौकटीवर आपटला, निळा झालाय, शेकतोय. माणूस घाईत असला की लागतं कधीकधी.

आता पुरे. डोळे चुरचुरतायत.

तुझा,
दादा


२२ मार्च

भिंगरी,

आज वरची खुशाली नको. सरळ लिहितो, नाहीतर पुन्हा बॉयलरचं आणि गुडघ्याचं सांगत बसेन.

पाच दिवसांपूर्वी मोठ्या पडद्याचा नमुना टाकीतून काढला. पिळला, वाळवला, इस्त्री फिरवली आणि उत्तरेच्या खिडकीत धरला. दुसऱ्या हातात पडदेवाल्याने दिलेला मूळ तुकडा. आभाळ नव्हतं, लख्ख ऊन होतं. मी म्हटलं, "जुळला. लंबू, सोड लॉट." तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. ती कधी नव्हे ते थांबली. माझ्या हातातले दोन्ही तुकडे काढून घेतले, आपल्या पाठीमागे धरले, अदलाबदल केली आणि पुन्हा माझ्यासमोर धरले. "यातला हिरवट कुठला?" म्हणाली.

मी म्हटलं, "हा काय पोरखेळ लावलायस?"

"सांगा की."

मी बोट दाखवलं, ते मूळ तुकड्याकडे. तिने चहा खिडकीत ठेवला. लंबू टाकीकडे तोंड करून उभा राहिला, उगाचच काठीने पाणी ढवळत. कोणी हसलं नाही, भिंगरी. हसले असते तर बरं झालं असतं.

चुकलं होतं ते पहिल्या वेळीही माझंच चुकलं होतं. पट्टीचं नव्हतं. नंतर मी जुनी फाईल पुन्हा उघडून बघितली. मोरपंखीची रेसिपी तिच्यातही तीच आहे, मी त्यात कधी बदल केलाच नव्हता. मी शेजारचं हिरवं बटण दाबलं होतं. छापलेल्या कागदावर वर ठळक "हिरवा" लिहून आलं होतं, तेही वाचलं नाही, कारण मी रंग बघणारा माणूस. आणि मग खिडकीत तो हिरवा नमुना मोरपंखीला लावून "जुळला" म्हणालो. नवा प्रोग्राम बिचारा आला आणि माझ्या हातात आयता सापडला. त्याच्या नावाने इतकी बोटं मोडली की मलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

चष्म्याचा नंबर वाढलाय हे खोटं. म्हणजे तो वाढलाय, पण डॉक्टरीणबाई त्यासाठी एवढा वेळ बोलल्या नाहीत. काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. डोळ्यामागची नस झिजत चाललीये आणि बरीच झिजलीये. कडेचं दिसणं आधी जातं म्हणे, म्हणून त्या चौकटी मला लागतात. मला वाटायचं घर लहान झालंय. रंगांची गल्लत त्यातूनच. गेलं ते परत येत नाही, उरलंय ते थेंब घालून राखायचं. सकाळ-रात्र घालतोय. वहिनी घड्याळ लावून उभी राहते आणि मी डोळा मिटला की ओरडते.

हे मला तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी कळलं होतं.

का नाही लिहिलं, ते सांगतो. तू सगळं टाकून धावत आली असतीस. नोकरीवर पाणी सोडलं असतंस आणि इथे खिडकीत येऊन उभी राहिली असतीस. तुला मी ओळखतो. आणि खरं सांगू? मला ते हवं होतं. म्हणूनच लिहिलं नाही. मला भीती वाटली, तू विचारशील "येऊ का" आणि मी हो म्हणेन. म्हणून पट्टीचं रडगाणं गात बसलो. तुझ्या पत्रातली ती चित्रं, ते "दादा, इथे उजव्या बाजूने क्लिक कर" वाचायला बरं वाटायचं. तू इथे शेजारी स्टूल ओढून बसलीयेस असं वाटायचं.

एवढंच असतं तर मी अजूनही गप्प बसलो असतो. मला गप्प बसता येतं. पण डॉक्टरीणबाईंनी आणखी एक विचारलं होतं आणि ते मी वहिनीलाही सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "तुम्हाला भाऊ-बहीण?" मी म्हटलं, "एक बहीण आहे, लहान, दूर असते." त्या म्हणाल्या, "मग तिला आधी तपासून घ्यायला सांगा. हा घराण्यात उतरतो. दुखत नाही, खुपत नाही, काही कळत नाही, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. तुम्हाला झालाय तसा." मी मान हलवली आणि बाहेर येऊन वहिनीला म्हटलं, नंबर वाढलाय.

काल रात्री झोप लागली नाही. पडल्या पडल्या बाबा आठवले. शेवटच्या वर्षांत ते किती चिडके झाले होते, आठवतं? टाकीच्या काठावर कंबर आपटायची, पायात बादली यायची आणि मग ते लंबूवर ओरडायचे, की बादली वाटेत ठेवलीच कशाला. आपण म्हणायचो, म्हातारपण. आणि एक दिवस भरल्या कारखान्यात त्यांनी नमुना माझ्या हातात दिला. "आता तू बघ," म्हणाले, "तुझी नजर तयार झालीये." खिडकीपासून स्वतः बाजूला झाले ते पुन्हा तिथे गेलेच नाहीत. मी केवढा फुगलो होतो! आठवडाभर छाती काढून फिरत होतो, तू मला "खिडकीचे राजे" म्हणून चिडवायचीस. मला वाटलं बाबांनी मला मान दिला.

त्यांना दिसत नव्हतं, भिंगरी.

आता खात्री करायला बाबा नाहीत. पण मला खात्री आहे. मी स्वतः अगदी तसाच वागलोय ना, बादलीऐवजी कॉम्प्युटरवर ओरडलो, एवढाच फरक. ते लाजले असतील. आख्ख्या गावात ज्याच्या नजरेचं नाव, त्याने कुठल्या तोंडाने सांगावं? मला त्यांचा राग येत नाही. त्यांनी तेव्हा सांगितलं असतं, तर मला कोणीतरी वेळेत तपासायला नेलं असतं, एवढंच मनात येऊन जातं. येतं आणि जातं.

पडद्याचा लॉट थांबवला. रेसिपी थोडी हलवून पुन्हा नमुना काढला, वहिनीने जुळवला, मग लॉट सोडला, तो पडदेवाल्याने नेला आणि त्याला काही बोलायला जागा राहिली नाही. वहिनीची नजर पक्की आहे, हे मला इतक्या वर्षांत कळलं नाही. मी म्हटलं, "माझ्या डोळ्यांत नंबरापलीकडे काही बिघडलंय याची तुला आधी शंका नाही आली?" तर म्हणते, "माझ्या अंगावर नवीन काही आलेलं तुम्हाला कधीच दिसलं नाही. शंका येणार कुठून?" मग हसली, मग रडली, मग मलाच ओरडली. आता तीच खिडकीत बसते. बटणांवर तिने तुझ्या रंगांच्या जोडीला नावंही टाकायला लावलीत, मोठ्या ठळक अक्षरांत. कारखाना चालेल. त्यासाठी तुला यायला नको.

तू फक्त डोळे दाखव. तिथल्या चांगल्या डॉक्टरांना, आणि नुसता चष्म्याचा नंबर काढून परत येऊ नकोस, सांग की भावाला काचबिंदू आहे, बहुतेक वडिलांनाही होता, दाब बघा, नस बघा, कडेची नजर बघा. हे असंच्या असं सांग. मला माहितीये तू काय म्हणशील. आधी रुजू होते, जरा स्थिरस्थावर होते, मग बघू. नाही. आधी. काही नसलं तर मला चार शिव्या घाल आणि नोकरीवर जा. काही असलंच, तर तुझ्या वयात सापडलं म्हणजे लवकर सापडलं, आणि लवकर सापडलं तर थेंबांवर नजर राहते, प्रयोगशाळाही राहते. हे मी डॉक्टरीणबाईंकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलंय. शेवटी त्या वैतागल्या.

इतके दिवस मी हे तुझ्यापासून लपवलं, त्याबद्दल जे काही बोलायचंय ते बोल, मी ऐकून घेईन. पण ते नंतर. माझं चुकलं हे तुलाही माहितीये आणि मलाही, ते कुठे पळून जात नाही. डोळ्यांचं तसं नाही.

हे पत्र तुझ्या हातात पडेल त्याच दिवशी वेळ घे. आणि काय निघालं ते, चांगलं वाईट जसं असेल तसं, स्वतःच्या हाताने लिहून कळव. काही गाळू नकोस. तुझं अक्षर मला अजून नीट वाचता येतं.

दादा